सगुणाबाई, हलू नका!

एका जंगलात, म्हणजे नेहमीच्याच जंगलात, जिथे सिंह राजा असतो आणि कामं बाकीच्यांना असतात, तिथे करवंदीच्या झुडपात सगुणाबाई नावाची एक कोळीण राहत होती. आठ पायांची, जाळं विणणारी. ए, नाक मुरडू नका. तुमच्या घरात माळ्यावर असतात त्या धुळकट मंडळींपैकी ती नव्हती. पिवळंधमक पोट, त्यावर काळे पट्टे, आणि जाळं असं नेटकं की बघत राहावं.

सगुणेला आठ डोळे होते. आता तुम्ही म्हणाल, मग काय, तिला सगळंच दिसत असेल! डोंबल दिसत होतं. आठ डोळे असून उजेड आणि अंधार, एवढंच काय ते तिला कळायचं. बाकीचं जग तिला पायांनी कळायचं. जाळ्याच्या मधोमध ती उलटी बसायची आणि पाय धाग्यांवर ठेवायची. धागा थरथरला की तिला समजायचं, वारा आहे, पान पडलंय की माशी अडकलीये. माशी असली तर ती अशी धावायची की माशीला 'अगंबाई' म्हणायलासुद्धा वेळ मिळायचा नाही. हीच तिची विद्या होती आणि हेच तिचं पोट होतं.

सगुणेचा नवरा केरोबा. तो तिच्या पायाच्या एका पेरात मावेल एवढाच होता. कोळ्यांमध्ये अशीच रीत आहे, बायको थोर आणि नवरा चिमुकला. दुसरी रीत अशी, की बायको भुकेली असेल तर नवऱ्याने तिच्याजवळ जायचं नाही. का, ते घरी जाऊन आईला विचारू नका. म्हणून केरोबा जाळ्याच्या अगदी कडेला राहायचा आणि बोलायचं झालं तर आधी धाग्यावर टिचकी मारायचा.

"मी आहे हो, केरोबा. माशी नव्हे."

"कळलं. पण सकाळपासून पोटात काही नाही, तेव्हा तिथूनच बोला," सगुणा म्हणायची.

असा त्यांचा संसार सुखाचा चालला होता.

पावसाळा सरत आला होता. सगुणेच्या पोटात अंडी होती. थंडी पडायच्या आत ती घालायची, त्यांच्याभोवती रेशमाची जाडजूड पिशवी विणायची आणि पिशवी झुडपात आत टांगून ठेवायची, की कोळिणीच्या जन्माचं सार्थक झालं. पण रेशीम काय आभाळातून पडतं? ते पोटातून येतं. पोटात माशी गेली तरच बाहेर धागा येणार. एवढी पिशवी विणायची तर थंडीपर्यंत रोज पोटभर जेवायला हवं होतं.

"यंदा माश्या बऱ्या आहेत," केरोबा म्हणाला.

"आहेत ना. होईल सगळं वेळेवर," सगुणा म्हणाली.

आणि सगळं वेळेवर होणार असलं की जो हमखास येतो, तो कलावंत आला.

त्याचं नाव मर्कटे. होता माकडच, पण सगळे त्याला 'सर' म्हणायचे. त्याचं झालं असं, की जंगलाच्या कडेला माणसं सहलीला यायची. त्यांच्या पिशव्या पळवायच्या आणि आतली केळी खायची, हा मर्कटे घराण्याचा पिढीजात धंदा. एकदा पिशवीत केळी निघाली नाहीत, कॅमेरा निघाला. पुढे हे एवढं भिंग, जवळची बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं. मर्कट्याने तो आधी चावून बघितला, मग दगडावर आपटून बघितला. आपटताना कळ दाबली गेली आणि दगडावरच्या मुंगीचा फोटो निघाला. मुंगी दिसत होती रेड्याएवढी. जंगलात एकच गलका झाला. मर्कट्याचे मर्कटे सर झाले ते त्या दिवशी. केळी पळवणं त्यांनी सोडलं नाही, पण आता त्याला 'भ्रमंती' म्हणू लागले.

कॅमेऱ्याची बॅटरी कुठे चार्ज करायचे म्हणता? कोण विचारतंय ते? असले प्रश्न विचारणाऱ्याला गोष्टीनंतर खाऊ मिळत नाही.

तर मर्कटे सरांनी शिबिर काढलं. खिसेच खिसे असलेलं जाकीट घालून सर पुढे आणि त्यांच्यामागे ससे, साळिंदरं, एक मुंगूस आणि जांबुवंतराव अस्वल. हे जांबुवंतराव म्हणजे वनसौंदर्य मंडळाचे अध्यक्ष. फोटोतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण अध्यक्ष व्हायला ते कुठे लागतं? एके सकाळी ही सगळी वरात करवंदीपाशी येऊन थडकली. सगुणेला दिसलं काहीच नाही, पण पायांखालचे सगळे धागे एकदम हादरले.

"अहो, भूकंप होतोय की काय?" ती म्हणाली.

"नाही, शिबिर आहे," केरोबा म्हणाला.

"अहाहा!" मर्कटे सर ओरडले. "काय रंग! काय ऐट! पण अरे, दव कुठाय? जाळ्यावर दव नाही?"

"होतं. उन्हाने वाळलं," केरोबा कडेवरून म्हणाला.

"दवाशिवाय जाळं म्हणजे मिठाशिवाय वरण!" असं म्हणून सरांनी खिशातून फवाऱ्याची बाटली काढली आणि जाळ्यावर मारली फुस्स फुस्स. जाळ्यावर मोत्यांसारखे थेंब चमकायला लागले. सशांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, अहो! धाग्यांचा डिंक धुऊन निघतोय!" सगुणा कळवळून म्हणाली. "माशी चिकटणार कशी मग?"

"बाई, माशी काय, रोजचीच आहे. हा उजेड पुन्हा नाही."

मग सरांना मागची फांदी खुपायला लागली. मागे सगळं कसं लोण्यासारखं मऊ दिसायला हवं, त्यात ही फांदी कुठे कडमडली? त्यांनी ती मोडून टाकली. जाळ्याचे दोन मुख्य धागे त्या फांदीला बांधलेले होते. जाळं एका अंगाला कललं आणि सगुणाही कलली. "तिरपी छान दिसते," सर म्हणाले.

आता सरांची फोटो काढायची पद्धत तुम्हाला सांगायला हवी. इतक्या जवळून फोटो काढला की डोळे स्पष्ट येतात तेव्हा पाठ धूसर येते, आणि पाठ आली की डोळे जातात. म्हणून सर एकामागून एक पुष्कळ फोटो काढायचे. आधी डोळ्यांचा, मग जरा मागचा, मग आणखी मागचा. ते सगळे एकावर एक रचले की एक अखंड, लख्ख फोटो तयार. फक्त तोवर समोरच्याने केसभरही हलायचं नाही. हलला की सगळं मुसळ केरात.

"सगुणाबाई, हलू नका!" सर म्हणाले. कॅमेरा वाजायला लागला.

तेवढ्यात जाळ्याचा जो एक कोपरा सुका राहिला होता, तिथे माशी येऊन अडकली. धागा थरथरला. सगुणा धावली. ती काय करणार? पाय धावले.

"हललात!" मर्कटे सर किंचाळले. "बाई, तुम्ही हललात!"

"माशी आली होती हो."

"माशी! इथे कला चाललीये आणि तुम्हाला खायचं सुचतंय?"

सशांनी माना हलवल्या. साळिंदराने 'च् च् च्' केलं. या गडबडीत मुंगसाने ती माशी काडीने उडवून लावली, कारण ती फोटोत नुसता काळा ठिपका दिसत होती. सगुणा हळूहळू मागे गेली आणि मधोमध जाऊन बसली. बाळांनो, स्वतःच्या घरात, स्वतःच्या जेवणाकडे धावल्याची तिला लाज वाटली. मला विचाराल तर त्या माकडाची खरी कला हीच. फोटोबिटो सगळं नंतर.

सागाच्या पानावर छापलेला सगुणेचा फोटो दुसऱ्या दिवशी वडाला टांगला गेला. बघायला हे जंगल लोटलं! हरणं आली, मोर आले, रानडुकरं चिखल पुसून आली. आणि सगळे म्हणाले, "अहाहा!"

सगुणेला काही तो फोटो दिसला नाही. तिला कुठलं दिसतंय! पण ते 'अहाहा' तिच्या कानी आलं. आजवर तिला बघून कुणी 'ई' याखेरीज काही म्हटलेलं नव्हतं. तिच्या आईलाही 'ई' म्हणत आले होते आणि आजीलाही. पिढ्यान् पिढ्या 'ई' ऐकलेल्या घरात एक दिवस 'अहाहा' आलं, तर दुसरं काय होणार? सगुणा विरघळली. मला तिचा राग येत नाही. तुम्हीही धरू नका.

"मी सुंदर आहे म्हणे," ती केरोबाला म्हणाली.

"ते मी लग्नाच्या वेळीच म्हटलं होतं."

"तुमचं काय, तुम्ही जीव वाचवायला काहीही म्हणाल."

केरोबाने विचारलं, "फोटोत मी आहे का हो?"

"सर म्हणाले, कोपऱ्यात एक डाग होता, तो पुसला."

मग रोज सकाळी सर येऊ लागले. रोज फुस्स फुस्स, रोज 'हलू नका'. सगुणा शिकली. माशी आली, धागा थरथरला, तरी पाय आवळून बसायला शिकली. सुरुवातीला पायांना ते पटायचं नाही, ते आपोआप उचलले जायचे. मग त्यांनाही सवय लागली. ओल्या जाळ्यावर एरवीही माश्या टिकत नव्हत्याच. सर गेल्यावर जाळं वाळेपर्यंत दुपार व्हायची, आणि डिंक गेलेल्या धाग्यांवरून माश्या घसरगुंडी खेळून निघून जायच्या.

सगुणा वाळत चालली. "वा! पोट आत गेल्यामुळे पट्टे काय उठून दिसतायत!" सर म्हणाले.

केरोबाने एक दिवस भीत भीत टिचकी मारली. "आज काही खाल्लंत?"

"नाही. पण फोटो फार छान आला म्हणे."

"म्हणे! अहो, सकाळी गारठा जाणवायला लागलाय. पिशवीचं काय?"

"विणेन ना. सरांची एवढी मालिका पूर्ण झाली की मी मोकळी. नाव काय ठेवलंय माहितीये मालिकेला? 'मातृत्व'."

केरोबाने कपाळाला पाय लावला. हात नव्हते.

इकडे माश्यांना वेगळाच चेव चढला. निळावती नावाची एक गलेलठ्ठ निळी माशी होती. ती पोराबाळांना घेऊन जाळ्यावर यायला लागली. "ताई, जरा सरकून घ्या ना, उजेड आमच्या पिंटूवर येत नाही," असं खुशाल सगुणेला म्हणायची. पिंटू सगुणेच्या पाठीवर बसायचा. सगुणेच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण सर म्हणायचे, "हलू नका!" आणि निळावती जाताना सगळ्या जंगलाला सांगत जायची, "बाई म्हणजे देवमाणूस हो! एकाही माशीला हात लावत नाही."

ही बातमी वनसौंदर्य मंडळापर्यंत गेली. जांबुवंतराव अस्वलाचे डोळे पाणावले. कोळीण असून हिंसा सोडली! केवढं हे परिवर्तन! सत्कार तर झालाच पाहिजे.

"सत्कार नको," केरोबा म्हणाला. "त्यांना एक डबाभर चिलटं आणून द्या."

"चिलटं? आणि सत्कारमूर्तींना?" जांबुवंतराव म्हणाले. "शोभतं का ते?"

मग काय विचारता! करवंदीपाशी मांडव पडला. आधी स्वागतगीत झालं, ते बेडकांनी म्हटलं. मग प्रास्ताविक झालं, त्यात जंगलाचा इतिहास आला. मग निळावतीने मनोगत व्यक्त केलं की ताई आमच्या घरातल्याच आहेत. मग जांबुवंतराव उठले. ते अहिंसेवर बोलले, त्यागावर बोलले आणि स्वतःवर पुष्कळच बोलले. सगुणा आपली उपाशीपोटी, कललेल्या जाळ्यात, सगळ्यांचं ऐकत उलटी टांगलेली होती.

आणि मग शाल आली. सत्कार म्हटला की शाल आलीच. ज्याला घालायची त्याला खांदे आहेत की नाहीत, हे कुणी बघत नाही. जांबुवंतरावांनी चांगली जाड, लोकरीची शाल उलगडली आणि मोठ्या मायेने सगुणेवर पांघरली.

जाळं फाटलं. वरपासून खालपर्यंत, टर्रकन. अस्वलाच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी लगेच श्रीफळ म्हणून एक पिकलेलं कवठ उरलेल्या जाळ्यावर ठेवलं. तेही गेलं. कवठ थेट ससोबाच्या पायावर पडलं. सगुणा एका धाग्याला लोंबकळत राहिली. धाग्याचं दुसरं टोक केरोबाने आठ पायांनी धरून ठेवलं होतं. तिचं अंग कापत होतं.

"बघा, किती गहिवरल्यात!" निळावती म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर मुंगसाने आभार मानले. ते तासभर चालले, कारण त्याला कुणालाच विसरायचं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेले. सगुणा आणि केरोबा दोघंच राहिले. जाळं नव्हतंच, त्यामुळे केरोबाला टिचकी मारायला धागाही नव्हता. तो पहिल्यांदाच न सांगता तिच्या जवळ येऊन बसला.

"चला इथून," तो म्हणाला. "झुडपाच्या आत, काट्यांमध्ये मी जागा बघून आलोय. तिथे त्याचं भिंग पोचायचं नाही. चिलटं पुष्कळ आहेत. अजून वेळ आहे, पिशवी होईल."

"तिथे मला कोण बघणार?"

"मी बघेन की."

"तुम्हाला तरी कुठे दिसतं!"

दोघंही हसले. मग केरोबा म्हणाला, "बरं, दुसरं एक सांगतो, रागावू नका. मला खा. आपल्यात तशी रीतच आहे. अंगात मांस फार नाही, पण पिशवीची एखादी बाजू तरी होईल."

सगुणेला इतकी भूक लागली होती की डोळ्यांपुढे उजेड-अंधारही धड कळत नव्हता. आणि नवरा एका उडीच्या अंतरावर होता.

"वेडे आहात," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही दातात अडकाल. लांब जाऊन बसा बघू. उद्याचा एकच फोटो. सिंहमहाराजांच्या स्पर्धेला जायचाय. सरांना मी शब्द दिलाय. तो झाला की निघू दोघं."

"नक्की?"

"नक्की."

आणि पोटात जे काही रेशीम शिल्लक होतं, पिशवीसाठी राखून ठेवलेलं, ते काढून तिने फोटोसाठी जाळं विणलं.

सकाळी सर आले. आज त्यांनी जाकीट धुतलं होतं. फुस्स फुस्स झालं, मात्र बाटली अर्ध्यावरच संपली आणि जाळ्याची खालची बाजू कोरडी राहिली. "सगुणाबाई, आज सगळ्या जंगलाचं लक्ष तुमच्याकडे आहे," सर म्हणाले. "हलू नका." कॅमेरा वाजायला लागला.

तेव्हा ती आली. कुंभारमाशी. चिमटीएवढी कंबर, काळं अंग, भुंग भुंग आवाज. बाळांनो, ही मातीची मडकी करते, बोटाच्या पेराएवढी. कोळी दिसला की त्याला नांगी मारते. तो मरत नाही. जिवंत राहतो, पण त्याला हलता येत नाही. मग ती त्याला मडक्यात भरते, त्याच्यावर आपलं अंडं घालते आणि मडकं लिंपून टाकते. अंड्यातून अळी निघाली की तिच्यासाठी जेवण ताजं. अशी तिची व्यवस्था असते.

तो आवाज कोळ्यांच्या पोरांनाही कळतो. तो ऐकला की पाय सोडायचे आणि धाग्यावरून सरळ खाली गवतात उडी टाकायची. हे शिकवावं लागत नाही. सगुणेचे पाय उचलले गेले.

"हलू नका! आता थोडंच राहिलं!" सर ओरडले.

केरोबा कडेवरून धाग्याला धडाधडा लाथा मारत होता. "पळा! अहो, पळा! उडी टाका!" धागा हलला म्हणून ससे त्याच्यावर डाफरले.

सगुणेने उचललेले पाय परत धाग्यावर ठेवले. शब्द दिला होता ना तिने.

कुंभारमाशी आली आणि तिने नांगी मारली.

"सर!" केरोबा कॅमेऱ्यासमोर जाऊन ओरडला. "सर, हाकला तिला! अहो, नुसता हात हलवा!"

आणि खरोखरच मर्कटे सरांनी हात हलवला. कुंभारमाशी बाजूला झाली. केरोबाचा जीव भांड्यात पडला.

"जरा थांबा हं ताई," सर कुंभारमाशीला म्हणाले. "तुमच्या पंखांनी फोटो हलतोय. माझं झालं की तुम्ही."

ती समंजस होती. बाजूच्या पानावर थांबली. सरांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि त्यांना भरून आलं. आजवर सगुणाबाई कितीही नीट बसल्या तरी कुठे तरी एखादा पाय, एखादी मिशी थरथरायचीच. आज काही नाही. श्वाससुद्धा नाही. आठही डोळ्यांत सकाळचं ऊन.

"बघा रे, बघा!" सर शिबिरार्थींना म्हणाले. "याला म्हणतात स्थैर्य."

तेवढ्यात कोरड्या राहिलेल्या बाजूला एक माशी येऊन अडकली, आणि या खेपेला खरोखरच चिकटली. ती कुठे आहे, केवढी आहे, किती जोराने धडपडतेय, सगळं सगुणेला पायांनी कळत होतं.

फोटो झाले. सरांनी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि पानाकडे बघून मान हलवली. कुंभारमाशी उडाली.

"अहो, आता हाकलली होती ना तुम्ही!" केरोबा रडत म्हणाला. "तशीच पुन्हा हाकला! त्यांच्या पोटात अंडी आहेत हो!"

मर्कटे सरांनी त्याच्याकडे फार प्रेमाने पाहिलं. "हे बघा, भावना समजू शकतो," ते म्हणाले. "पण आमचं एक तत्त्व आहे. आम्ही निसर्गात ढवळाढवळ करत नाही."

ससोबाने ते वाक्य पानावर लिहून घेतलं. जांबुवंतराव म्हणाले, "व्वा!" कुंभारमाशीने सगुणेला पोटाशी धरून नेलं आणि समोरच्या खडकावरच्या मडक्यात ठेवलं. मग ओली माती आणून तोंड लिंपलं. लिंपणं अगदी सफाईदार होतं.

थंडी पडली. सिंहमहाराजांच्या स्पर्धेत पहिला क्रमांक कुणाचा आला, हे काय सांगायला हवं? सर्वांत मोठ्या पानावर सगुणेचा फोटो लावला होता. खाली नाव, 'मातृत्व'. महाराज कितीतरी वेळ समोर उभे होते. "काय जिवंत आहे!" ते म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. फोटो निघाला तेव्हा ती होतीच जिवंत. आणि फोटोचं नावही चुकलेलं नव्हतं. त्याच सकाळी खडकावरचं मडकं आतून फोडून एक कोवळी, लकाकती कुंभारमाशी बाहेर पडली होती. मातृत्व झालंच होतं. कुणाचं, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

"सर, इतकं स्थिर मॉडेल मिळवता कसं?" एका हरणाने विचारलं.

"प्रेम," मर्कटे सर म्हणाले. "त्यांच्यावर जीव लावावा लागतो."

"खोटं आहे!" खालून कुणी तरी ओरडलं. पण आवाज इतका बारीक होता की शेजारच्या सशालाच काय तो ऐकू आला. त्याने वाकून बघितलं, तर केरोबा.

"शांतता राखा, प्रदर्शन आहे," ससा म्हणाला. "आपण कोण?"

"नवरा. यांचा नवरा."

"अय्या, हो? सर, सर, इकडे या! सगुणाबाईंचे मिस्टर आलेत! तुम्हाला किती अभिमान वाटत असेल नाही?"

केरोबा फोटोच्या पानाची खालची कड आठही पायांनी धरून बसला. मर्कटे सर आले, गुडघ्यांवर बसले आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. मग त्यांनी हळूच गळ्यातला कॅमेरा काढला.

"काय चेहरा आहे!" ते पुटपुटले. "हे दुःख, ही पोकळी. अरे, ती मागची काडी काढा कुणी तरी. केरोबा, पुढच्या मालिकेचं नाव सुचलं मला, 'विरह'. फक्त एक करा. हलू नका."

केरोबा हलला. असा हलला की करवंदीत, काट्यांच्या आत, कुठे गेला ते पुन्हा कुणाला कळलं नाही. त्याचा एकही फोटो निघाला नाही. त्यामुळे जंगलातल्या जाणकारांचं मत असं आहे की सगुणाबाईंना नवरा नव्हताच, आणि असलाच तर त्याला कलेची जाण नसावी.

तात्पर्य : निसर्गात कधीही ढवळाढवळ करू नये. आपला फोटो मनासारखा निघाल्यावर तर मुळीच करू नये.